जबड्याचा सांधा, 'कट्ट' आवाज आणि स्प्लिंट: करून घ्यावी का?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. गेले काही महिने सकाळी उठलं की डाव्या कानाच्या पुढे ठणकतं. जांभई देताना, मोठा घास घेताना 'कट्ट' असा आवाज येतो, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतका. भाकरी चावताना गाल भरून येतात आणि दुपारपर्यंत कानशिलं जड होतात. आधी कानच दुखतोय असं वाटून कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत बघितलं, कान स्वच्छ आहे म्हणाले आणि दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं.

पहिल्या डॉक्टरांनी दातांची झीज दाखवून "तुम्ही झोपेत दात खाता" असं सांगितलं. घरी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "मला इतके दिवस वाटत होतं उंदीर कपाट कुरतडतोय." त्या डॉक्टरांनी रात्री दातांवर घालायचा मऊ नाइट गार्ड सुचवला. दुसऱ्या दवाखान्यात ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, दातांवर चढवायची कडक ॲक्रिलिकची स्प्लिंट सांगितली आणि तिच्यानंतर "बाइट कायमचा बसवायला", म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसवायला, काही दात घासून त्यावर कॅप्स, असं भलंमोठं पॅकेज कागदावर लिहून दिलं. आकडा वाचून जबडा आपोआप पूर्ण उघडला, आवाजासकट.

स्प्लिंटने खरंच फरक पडतो का? मऊ घ्यावी की कडक? आणि हा कॅप्सचा प्रकार लागतोच का? कुणी करून घेतली असेल तर अनुभव लिहा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी:

मी मऊवाला वापरलाय. घराजवळच्या डेंटिस्टकडे माप दिलं, लगेच हातात मिळाला, दोन-अडीच हजार गेले. सुरुवातीला बरं वाटलं, गार पाण्याने दात आंबायचे ते कमी झालं. मग मला त्याचा चाळाच लागला. झोपेत चघळत असणार, कारण उजव्या दाढेखाली आरपार भोक पडलं. गाल मात्र आधीपेक्षा जास्त दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले नवीन करू. मी म्हटलं राहू द्या.

आमच्या ऑफिसात रात्रपाळीची निम्मी जनता दात खाणारी आहे. शिफ्टचा काही संबंध असतो का?

भातुकली:

वाचतेय. माझ्या जावेलाही हाच त्रास आहे.

दंतकथा:

गोदाकाठ ताई, मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या, कॅप्स आणि स्प्लिंट हेच रोजचं काम. तोंडात न बघता निदान करता येत नाही, पण तुम्ही विचारलंय त्यावर जरा सविस्तर लिहितो.

कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं ते कॉन्डाइल, खालच्या जबड्याचं वरचं टोक. ते कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडताना कॉन्डाइल आधी जागच्या जागी फिरतं, मग चकतीला घेऊन पुढे सरकतं. चकती मुळातच पुढे घसरलेली असेल तर कॉन्डाइल वाटेत तिच्यावर चढतं, तोच तुमचा 'कट्ट'. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड नीट उघडतंय, अशी कितीतरी माणसं असतात आणि त्यांना काहीही उपचार लागत नाहीत. उलट वर्षानुवर्षं येणारा आवाज एके दिवशी अचानक बंद झाला आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं, तर आनंद मानू नका. चकती पुढेच अडकली असण्याची शक्यता असते आणि तेव्हा लवकर दाखवलेलं बरं. साधारण ४० ते ५० मिमी तोंड उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतात. ३५च्या खाली आलं की आम्ही कमी म्हणतो.

आता तुमचं दुखणं सांध्याचं की स्नायूंचं, हे आधी ठरायला हवं. दात घट्ट आवळून गालावर हात ठेवला की जो टणक होतो तो मॅसेटर, कानशिलावर जो फुगतो तो टेंपोरॅलिस. आमच्याकडे येणाऱ्यांत बहुतेकांचं दुखणं या स्नायूंचं असतं. गाल भरून येणं, कानशिलं जड होणं हे वर्णन त्याच दिशेने जातं. तपासणीत डॉक्टरांनी हे स्नायू बोटांनी दाबून "हेच का तुमचं नेहमीचं दुखणं?" असं विचारायला हवं, तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजायला हवं. हाडाची मोठी झीज किंवा मोड असेल तर ओपीजीत कळते; चकती त्यात दिसतच नाही. चकतीसाठी एमआरआय लागतो, आणि तोही प्रत्येकाला काढायची गरज नसते.

स्प्लिंटबद्दल. आपण जिला स्प्लिंट म्हणतो ती बहुतेक वेळा स्टॅबिलायझेशन स्प्लिंट असते, मिशिगन स्प्लिंट असंही नाव आहे. कडक, पारदर्शक ॲक्रिलिक, सगळ्या दातांवर बसणारी, वरून सपाट. वरच्या आणि खालच्या दातांची मापं घेतात, स्टोनचे, म्हणजे कडक प्लास्टरचे, साचे ओततात, मेणावर बाइट घेतात, साचे आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखं हलणारं यंत्र) चढवतात आणि लॅबमध्ये ती तयार होते. हल्ली स्कॅन करून मिल केलेल्या किंवा थ्रीडी प्रिंटरवर केलेल्याही मिळतात. पण खरं काम ती तोंडात बसवल्यावर सुरू होतं. निळा कागद दातांत धरून चावायला लावतात आणि स्प्लिंटवर ठिपके उमटतात. दोन्ही बाजूंच्या दाढांचे ठिपके सारखे यायला हवेत. मग लाल कागद लावून जबडा डावी-उजवीकडे सरकवायचा, तेव्हा फक्त सुळ्याची रेघ उमटायला हवी, दाढा सुटायला हव्यात. जिथे जास्त लागतंय तिथे बरने (मशीनचं फिरतं टोक) घासून पुन्हा कागद. पहिल्या दिवशी हे झालं तरी काही दिवसांनी स्नायू सैल पडले की जबडा थोडा वेगळा बसतो आणि ठिपके बदलतात, म्हणून परत बोलावतात. कुणी स्प्लिंट हातात देऊन "सवय होईल" म्हणाले आणि कागद लावलाच नाही, तर पैसे कशाचे दिले ते विचारा.

मऊ गार्ड हा ईव्हीए नावाच्या पदार्थाची शीट गरम करून साच्यावर खेचून बसवलेला असतो. स्वस्त, पटकन होतो, पण तो घासून नेमका जुळवता येत नाही आणि रात्रपाळींसारखं काही जणांचं चावणं त्याने वाढतं. थोड्या दिवसांसाठी ठीक. स्नायूंच्या दुखण्यासाठी आणि जोरात दात खाणाऱ्यांसाठी मी कडकच देतो.

आणि तुमचा तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी मुद्दाम लिहायला बसलो. बाइट "चुकीचा" असल्यामुळे सांधा दुखतो, म्हणून दात घासून, कॅप्स बसवून किंवा तारा लावून तो दुरुस्त करा, ही कल्पना फार जुनी आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या तक्रारींचा संबंध पडलेल्या दाढा आणि खाली बसलेला बाइट यांच्याशी जोडला, तिथून ती दातांच्या जगात शिरली. तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेलंय. आज बाइट हे या दुखण्याचं मुख्य कारण मानलं जात नाही. स्प्लिंट पटली नाही तर डबीत ठेवता येते, घासलेल्या दातावरचं इनॅमल परत येत नाही. दुखण्यासाठी म्हणून कॅप्सचं पॅकेज असेल तर सही करू नका, एवढं मी तोंडात न बघताही सांगतो.

भटका_कोकणी:

दंतकथा, साष्टांग. वाचनखूण साठवली.

शंकासुर:

माहिती उत्तम. पण स्प्लिंट करून देणाऱ्याने स्प्लिंटची बाजू घेणं यात नवल काय, हलकेच घ्या.

डिसेंबर २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या आहेत. त्यात जोरदार शिफारस आहे ती जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून हाताने करून घेतलेले उपचार, मानेच्या ठेवणीचे व्यायाम, विचार आणि सवयी बदलणारं समुपदेशन आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची. काढता येणाऱ्या स्प्लिंटच्या विरोधात त्यांनी सौम्य शिफारस केली आहे. बोटॉक्स, लेसर, सांध्यात पाणी सोडून धुणं हेही त्याच यादीत. बाइट कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंट आणि चकती काढून टाकायची शस्त्रक्रिया यांना तर ठाम नकार. त्याआधी २०२०मध्ये ब्रिटनच्याच सरकारी संशोधन संस्थेने, एनआयएचआरने, स्प्लिंटवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला होता. स्प्लिंटने दुखणं कमी होतं असा पुरावा त्यांना मिळाला नव्हता.

मग दहा-बारा हजार कशाला घालवायचे?

दंतकथा:

शंकासुर, दोन्ही आढावे मी वाचलेत आणि तुमचा सारांश बरोबर आहे. त्यात अजून थोडी भर टाकतो, माझ्याच विरोधात जाणारी. काही चाचण्यांत तुलनेसाठी नुसती टाळूवर बसणारी, दातांच्या मध्ये न येणारी पट्टी दिली होती. तिनेही बऱ्याच लोकांना बरं वाटलं.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. बीएमजेच्या सूचना जुनाट दुखण्यापुरत्या आहेत, दातांची झीज हा त्यांचा विषय नाही. झोपेत दात खाणं स्प्लिंटने थांबत नाही, असा दावा कुणी केला तर तो खोटा. मात्र झीज दातांऐवजी ॲक्रिलिकची होते. माझ्याकडे वर्षभर वापरलेल्या स्प्लिंट येतात तेव्हा त्यावर चकचकीत चट्टे पडलेले असतात, ते चट्टे नाहीतर दाढांवर पडले असते. ज्याच्या दातांचे तुकडे उडताहेत, कॅप्स फुटताहेत त्याला मी स्प्लिंट देणारच. दुसरं, ही शिफारस 'सौम्य' आहे, म्हणजे सगळं समजावून सांगितल्यावर बहुतेक रुग्ण ती निवडणार नाहीत, काही निवडतील. एनआयएचआरने स्वतःच म्हटलंय की हाती असलेला पुरावा कमी दर्जाचा आहे.

निव्वळ दुखतंय, झीज नाही, अशा माणसाला मी आधी व्यायाम, शेक आणि सवयी यावर ठेवतो. त्याने भागलं तर स्प्लिंट कशाला?

मानेवरचं_भूत:

मी फिजिओ आहे, ठाण्यात. शंकासुरांनी आमच्या पोटावर पाय न देता उलट धंदा दिला, आभार!

गंमत सोडा. जबड्याचे पेशंट येतात ते बहुतेक मान पुढे काढून लॅपटॉपवर बसणारे. त्यांना पहिली गोष्ट मी विचारतो: आत्ता, या क्षणी, तुमचे दात कुठे आहेत? दहातल्या सात-आठ जणांचे टेकलेलेच असतात. घास चावताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचं कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटलेले आणि जीभ 'न' म्हणताना टेकते तिथे, वरच्या दातांच्या मागे टाळूला. हीच जबड्याची विश्रांती. रात्रीचं खाणं आपल्या हातात नाही, दिवसाचं आहे. मॉनिटरच्या कोपऱ्यावर, फ्रीजवर, गाडीच्या आरशावर छोटी टिकली लावा. टिकली दिसली की दात सोडायचे.

व्यायाम थोडक्यात. चिलीचे मारियानो रोकाबादो यांचा ६ × ६ चा संच प्रसिद्ध आहे: सहा व्यायाम, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहादा. सगळे इथे लिहून शिकवता येणार नाहीत, पण एक सुरक्षित आहे तो घ्या. आरशासमोर बसा, जीभ टाळूला टेकलेली ठेवा आणि ती न सोडता जितकं उघडेल तितकंच तोंड उघडा. हनुवटी सरळ रेषेत खाली यायला हवी. जीभ टेकलेली असली की कॉन्डाइल फार पुढे पळत नाही आणि सहसा 'कट्ट'ही होत नाही. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं गालांवर गरम शेक. मग दोन बोटांनी मॅसेटरवर, गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्याकडे, सावकाश दाब. दुखलं पाहिजे ते 'हं, इथेच' इतपत, डोळ्यांत पाणी येईल असं नाही.

जांभई येताना मूठ हनुवटीखाली धरा. आणि मुद्दाम कट्ट-कट्ट करून मित्रांना ऐकवायचा शौक असेल तर तो बंद करा.

पऱ्हाटी:

वर्ध्याहून लिहितो. सांध्याचा विषय निघालाच हाय तर आमच्या भागातली एक गोष्ट सांगून ठेवतो. माझ्या मावसभावाचं तोंड हळूहळू कमी उघडत गेलं. घरचे म्हणत जबड्याचा सांधा धरला, कोणी तेलानं मालिश सांगितली, एका ठिकाणी गार्डबी करून दिला. शेवटी नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात नेला. तिथल्या मॅडमनं गालाच्या आतून बोट फिरवलं आन् एकच प्रश्न केला, "खर्रा किती वर्षांपासून?"

सांधा ठणठणीत होता. गालाच्या आतली चामडीच कडक, पांढरी पडली होती, दोरीवानी पट्टे लागत होते हाताला. सबम्युकस फायब्रोसिस. मेन आरोपी सुपारी, खऱ्यात तंबाखू-चुन्यासोबत तीच घोटलेली असते. पुढे कॅन्सरची भीती असते म्हणून तपासायला बोलावत राहतात. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी हाय, पण खर्रा पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतेच. तोंड कमी उघडत असंन, तिखट लागलं की आग होत असंन आन् सुपारी-खऱ्याची सवय असंन तर स्प्लिंट-बिंट विचारत बसू नका, सरळ दाखवा.

दंतकथा:

पऱ्हाटी, फार महत्त्वाचं लिहिलंत. कान आणि जबडा दुखण्याच्या नावाखाली बाकीही बरंच काही येतं. अक्कलदाढ, किडलेली दाढ हे तर रोजचंच. क्षणभर वीज चमकावी तशी कळ येत असेल, दात घासताना, वारा लागताना, तर ती ट्रायजेमिनल नर्व्हची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची, असू शकते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्याने डोकेदुखी, घास चावताना जबडा थकणं आणि नजरेत अंधूकपणा, असं एकत्र झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. जिना चढताना डाव्या जबड्यात दुखून बसल्यावर थांबत असेल तर दातांचा नव्हे, हृदयाचा विचार करा.

घोरासुर:

दोन प्रश्न. मला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडतो, रात्री सीपॅप (मास्कमधून हवा देणारं मशीन) लावतो. बायको म्हणते दातही करकर वाजतात. स्प्लिंट चालेल का? आणि काळजीच्या गोळ्यांनी दात खाणं वाढतं असं ऐकलं, खरं का?

दंतकथा:

ॲप्निया असलेल्या काही लोकांत वरच्या जबड्याच्या साध्या स्प्लिंटने श्वासाचा त्रास वाढल्याचं दिसलं आहे. म्हणून झोपेच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नका. खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण निराळं असतं, ते ॲप्नियासाठीच देतात, दोघांची गल्लत होऊ देऊ नका. गोळ्यांबद्दल: फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिनच्या गटातल्या औषधांनी काही जण दात खायला लागतात, हे खरं आहे. पण गोळी मनाने बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

रात्रपाळी, शिफ्टबद्दल राहिलंच. अपुरी झोप, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, सिगरेट आणि दारू यांचा दात खाण्याशी संबंध आहे. तुमच्या ऑफिसात यातलं काय काय चालतं ते तुम्हीच सांगा.

रात्रपाळी:

दारू सोडून सगळं. तीही महिनाअखेरीस.

स्टुटगार्टकर:

इकडचा अनुभव. जर्मनीत या दुखण्याला थोडक्यात सीएमडी म्हणतात आणि दात खाणाऱ्यांची स्प्लिंट, 'क्निर्शरशीने', इतकी सर्रास आहे की माझ्या टीममधले तिघे जण ट्रिपला जाताना तिची डबी घेऊन येतात. साधी कडक स्प्लिंट सरकारी आरोग्य विम्यात पूर्ण बसते. जबड्याच्या हालचालींचं मोजमाप करायचं म्हणाले तर ते मात्र आपल्या खिशातून. २०१७पासून डेंटिस्ट फिजिओथेरपीही लिहून देऊ शकतात, त्यामुळे मला स्प्लिंट आणि मॅन्युअल थेरपी दोन्ही एकाच ठिकाणाहून मिळालं. इथली थेरपिस्ट हातमोजा घालून तोंडाच्या आतून स्नायू दाबते. पहिल्यांदा मी खुर्चीतून उडालो होतो, पण त्यानंतर सफरचंद पुन्हा चावून खायला लागलो.

भारतात आईला करायची होती तेव्हा विम्याने हात वर केले. दातांचं म्हणून मेडिकलवाले नाही म्हणतात.

समुद्रकन्या:

इथे एक सावधगिरीचा अनुभव. मला फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारं छोटं उपकरण दिलं होतं, मायग्रेनलाही चालतं म्हणून. सुटसुटीत होतं, मी दिवसरात्र घालायचे, कारण तसं घालू नका असं कुणी सांगितलंच नाही. काही महिन्यांनी लक्षात आलं की पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही. दाढा टेकतात आणि पुढे फट राहते. तक्रार घेऊन गेले तर "आधीपासून असेल" असं उत्तर. जुने फोटो दाखवले तेव्हा आवाज खाली आला. आता ती फट भरून काढायला दुसरीकडे उपचार चालू आहेत.

दंतकथा:

हे होतं. मधे उपकरण असल्यामुळे दाढांना समोरून काही टेकत नाही, मग त्या हळूहळू वर-खाली सरकतात. म्हणूनच सगळे दात झाकणारी स्प्लिंट बरी, ती बहुतेक वेळा रात्रीपुरतीच, आणि दाखवायला जात राहायचं. सकाळी काढल्यावर बाइट क्षणभर परका वाटतो, ते चालतं. दुपारपर्यंत तसाच वाटत राहिला तर स्प्लिंट बंद करून डॉक्टरांकडे जा. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड या दुखण्यासाठी घेऊ नका, ते खेळाडूंच्या दातांना मार लागू नये म्हणून आहेत. दातांना तारा चालू असतील तर स्प्लिंटचा विषय ऑर्थोडॉन्टिस्टकडूनच.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅप्सचा कागद फाडून टाकला. खासगीत कडक स्प्लिंटचे आठपासून पंधरा हजारांपर्यंत आकडे ऐकलेत. सरकारी ठिकाणी होते का?

लोकलकर:

होते. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल. केसपेपर काढायचा, आधी ओरल मेडिसिनच्या ओपीडीत तपासणी, तिथून प्रोस्थोला पाठवतात. पीजी करणारी मुलं काम करतात आणि वर सर-मॅडम तपासतात. खर्च खासगीच्या मानाने किरकोळ, पण वेळ हाताशी हवा. अर्धा दिवस रजा टाकूनच जा. माझं माप पुन्हा घ्यावं लागलं कारण मॅडमना काठ आवडले नाहीत. खासगीत इतकं कुणी बघितलं असतं का, शंका आहे.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही सरकारी कॉलेजं आहेत, गोव्यात बांबोळीला. नाशकात पंचवटीत खासगी डेंटल कॉलेज आहे, तिथेही दर बाहेरच्यापेक्षा कमी असतात.

भातुकली:

जावेच्या निमित्ताने मऊ जेवणाची यादी झालीय, ती टाकते. वरणभात, मऊ खिचडी, दहीपोहे, इडली, उकडपेंडी, सांजा, भोपळ्याचं भरीत, दुधात कुस्करलेली पोळी. भाकरी सोडवत नसेल तर ताकात किंवा आमटीत भिजवून. पेरू, काकडी बारीक चिरून, मोठा चावा नाही. बंद: ऊस, कणीस, चिक्की, सुपारी, च्युइंगम, चामट मटण. वडापाव हाताने तोडून खायचा, हे तिला सर्वात जड गेलं. दिवाळीत चकली आणि कडक शंकरपाळे चुलतसासूबाईंच्या डोळ्यांदेखत नाकारले, त्यावरून जे रामायण झालं ते वेगळ्या धाग्यात.

गोदाकाठ:

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी खासगी निरोप पाठवून विचारलं म्हणून इथेच लिहिते.

डेंटल कॉलेजात दाखवलं. निदान: बहुतेक दुखणं स्नायूंचं, चकती थोडी घसरलेली आहे पण तिला हात लावायचा नाही. दाढांवर झीज असल्यामुळे रात्रीपुरती वरच्या दातांची कडक स्प्लिंट दिली. निळे ठिपके, लाल रेघा, सगळं दंतकथांनी लिहिलं होतं तसंच, त्यामुळे मी शिकवणी लावून आल्यासारखी बसले होते. तिथल्या पोराने डावीकडे घासताना विचारलं, "मॅडम, तुम्ही डेंटलच्या का?" सुरुवातीला लाळेने उशी भिजायची आणि 'स' नीट उमटायचा नाही. नवरा ऐन झोपेच्या वेळी महत्त्वाचं बोलायला येतो, त्याला आता सकाळपर्यंत थांबावं लागतं.

सोबत टिकल्या लावल्या, आरशासमोरचा व्यायाम, शेक, आणि फोन कानाशी खांद्यात दाबून धरणं बंद. सकाळचं ठणकणं खूपच कमी झालंय. मार्चमध्ये बँकेत वर्षअखेर होती तेव्हा पुन्हा वाढलं, मग उतरलं. कट्ट आवाज जसाच्या तसा आहे.

शंकासुर:

अभिनंदन. पण गुण स्प्लिंटचा की व्यायामाचा?

गोदाकाठ:

सांगता येणार नाही, आणि शोधून काढायला मी यातलं एकही बंद करणार नाहीये. दंतकथा, एक शेवटचं: धुवायची कशी? पांढरट थर येतोय.

दंतकथा:

साध्या गार पाण्याने, मऊ ब्रश आणि अंगाचा किंवा भांड्यांचा सौम्य साबण. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि थर उलट जास्त धरतो. उकळतं पाणी नको, ॲक्रिलिक वाकतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. कवळीसाठी मिळणाऱ्या गोळ्या आठवड्यातून एखाद्या वेळी चालतात. काढली की थेट डबीत, टिश्यूत गुंडाळलेल्या स्प्लिंट केराच्या डब्यात जातात. कुत्रा असेल तर डबी उंचावर. आणि पुढे कधी फिलिंग किंवा कॅप करायची वेळ आली तर स्प्लिंट सोबत न्या, नवीन दातावर ती बसते का ते तिथल्या तिथे बघता येईल.